टकवाला

"थांबा. तो येऊन राहिला."

एवढं म्हणून भाऊ उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि डोळे मिटायचे. समोर ग्रामोफोनवर रेकॉर्ड फिरत असायची, ट्रम्पेटवाला रंगात आलेला असायचा, आणि मग त्या सगळ्या गजरातून यायचं ते. टक. दोन ठोक्यांनंतर पुन्हा टक. भाऊ बोट खाली आणायचे आणि आम्हा दोघांकडे असे बघायचे, जणू तो वाजवणारा माणूस त्यांनीच वाढवला आहे.

भाऊ मूळचे शेंदूरजनाघाटचे. संत्र्याचा घरचा धंदा, राहायला अमरावतीला. तरुणपणी माल घेऊन मुंबईला जायचे आणि परत येताना रिकाम्या पेट्यांत तणीस घालून जुन्या रेकॉर्डी आणायचे. संत्री जशी भरायची तशाच त्या भरलेल्या. सुरुवातीला नाट्यगीतं आणायला म्हणून गेले होते. एका ढिगातून चुकून एक जॅझची रेकॉर्ड घरी आली आणि माणूस कामातून गेला. एकेकाळी मुंबईच्या हॉटेलांत साहेबलोक ज्या वाद्यवृंदांवर नाचायचे, त्यांच्या रेकॉर्डी हा संत्रेवाला बडनेरा स्टेशनवर डोक्यावरून उतरवून घ्यायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल. तो नेमका ज्या धंद्यात असायला नको त्याच धंद्यात सापडतो.

रेकॉर्ड हातात घेतली की भाऊ आधी तिचा वास घ्यायचे. संत्र्याचा देठ हुंगावा तसा. मग म्हणायचे, "माल चांगला हाये." वास घेऊन रेकॉर्डचं काय कळतं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

मी त्यांच्याकडे पोचलो तो ग्रामोफोनची स्प्रिंग बसवायला. नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात मी फिटर. गाण्याचं अंग शून्य. पण स्प्रिंग बसवून झाल्यावर त्यांनी मला बसवलं, पुढ्यात फोडी ठेवल्या आणि ती रेकॉर्ड लावली. त्यानंतर सहा वर्षं माझा रविवार माझ्या घरच्यांना दिसला नाही. तिसरे आमचे मास्तर, अकोल्याचे. लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेले, आता स्वतःचंच पथक. दर रविवारी पहिल्या गाडीने यायचे आणि आल्याआल्या भाऊंशी भांडायला बसायचे.

भांडण एकाच गोष्टीवरून. त्या रेकॉर्डवर वादकांची नावं नव्हती, नुसतं वाद्यवृंदाचं नाव. ट्रम्पेट कोणाचा, पियानो कोणाचा, हे भाऊंनी इतर रेकॉर्डी ऐकून, जगभरच्या शौकिनांना मेसेज पाठवून हुडकून काढलं होतं आणि दोनशे पानी वहीत लिहिलं होतं. राहिला होता फक्त शेवटच्या मिनिटात टक करणारा. भाऊ म्हणायचे, लाकडाच्या ठोकळ्यावर काठी मारतो. मास्तर म्हणायचे, ड्रमच्या कडीवर. वहीत त्याचं नाव पडलं टकवाला. "तो ठोक्यावर नाई येत," भाऊ मला समजावायचे, "जरासा मांगं रेंगाळते. ही अदा शिकवून येत नसते बाप्पा." मास्तरांनी तर पथकातल्या ढोलवाल्याला रेकॉर्ड ऐकवून ती अदा घोटून घेतली होती. अकोल्यातले कितीतरी नवरदेव त्या टकवर घोड्यावर बसून गेले आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

वहिनी आतून एवढंच म्हणायच्या की त्या खटखटीनं त्यांचं डोकं उठतं. भाऊ म्हणायचे, तिचा कान कच्चा आहे.

मग एक दिवस हॉलंडचा एक म्हातारा उगवला. हा गृहस्थ असल्या साऱ्या जुन्या रेकॉर्डींची यादी करत होता, कोणी कधी काय वाजवलं याची, आणि जगातले शौकीन ती यादी प्रमाण मानायचे. त्याच्याकडेही हीच रेकॉर्ड होती. त्याने त्याची फीत मोबाइलवर पाठवली. आम्ही तिघांनी श्वास रोखून ऐकली. सगळं तेच. पण टक नाही.

भाऊ उठून उभे राहिले. त्या काळी एकच गाणं कधीकधी दोनदा वाजवून घ्यायचे, आणि कितव्यांदा घेतलं ते मधल्या कागदाशेजारी उभ्या रेघांनी कोरायचे. भाऊंनी भिंग आणलं. हॉलंडवाल्याने कळवलं, त्याच्या रेकॉर्डवर एक रेघ. आमच्या रेकॉर्डवर दोन. म्हणजे हे दुसरं वाजवणं, आणि त्याच्या माहितीत जगात त्याची ही एकच प्रत, अमरावतीत. पंचाहत्तरीच्या माणसाने मास्तरांना उचलायचा प्रयत्न केला. मास्तर वजनदार, म्हणून ते राहिलं. वहिनींनी शिरा केला. दुसऱ्या दिवशी संत्र्यांच्या लिलावात भाऊंनी दलालांना उभं करून टकवाल्याची हकीकत सांगितली आणि दलालांनी ती नीट ऐकलीही. त्या बाजारात भाऊंना मान होता.

हॉलंडवाल्याने कळवलं की नव्या यादीत ही नोंद भाऊंच्या नावासकट जाईल, फक्त गाण्याची एक चांगली फीत पाठवा, बरोबर वेगाची. भाऊंनी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मी पाहिलं नाही. त्या यादीत त्यांना अमरावती हवी होती.

वेगाचं काम माझं. रेकॉर्डच्या कडेखाली कागदाची चिठ्ठी अडकवायची आणि मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे होतात का ते घड्याळ लावून मोजायचं. एरवी ही चाचणी मी एखाद्या साध्या रेकॉर्डवर घ्यायचो, कारण भाऊ ती रेकॉर्ड झिजू द्यायचे नाहीत. त्या रविवारी म्हणाले, आज तिच्यावरच घे. मी चिठ्ठीवर नजर ठेवून मोजत होतो. शेवटचं मिनिट आलं. चिठ्ठी माझ्यासमोर आली आणि टक झालं. पुन्हा समोर आली, टक. पुन्हा.

फिटरला हे सांगावं लागत नाही. फिरत्या गोष्टीतून दर फेऱ्याला एकाच जागी आवाज आला तर वाजवणारा त्या गोष्टीतच असतो. मी रेकॉर्ड उन्हात तिरपी धरली. मधल्या कागदाखालून केसाएवढा तडा बाहेर आला होता, इंचभर. कोरलेल्या एका रेघेशेजारी तो असा सरळ गेला होता की दुसरी रेघच वाटावी. आणि गाण्याची लय अशी की एका फेऱ्यात जवळजवळ दोन ठोके बसायचे. जो थोडा फरक उरायचा, ती टकवाल्याची अदा.

मी गप्प बसलो असतो तर हॉलंडवाल्याला कदाचित लवकर कळलंही नसतं. पण भाऊ माझ्या तोंडाकडेच बघत होते. मी चिठ्ठी दाखवली.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लाव म्हणाले. चार वेळा लावायला लावली. बोट वर केलं नाही, डोळे मिटले नाहीत, चिठ्ठीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काहून बे, सहा वर्सं आपन तड्याले दाद देऊन राहिलो का?"

आणि हसू लागले. असे हसले की शर्ट ओला झाला. मला हसू येईना, कारण त्यांचं काय गेलं ते मला माहीत होतं. मास्तर तर रागाने लाल. मी माझ्या माणसाला काय शिकवलं मग, म्हणून कपाळ धरून बसले. भाऊंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमचा ढोलवाला तं खरा हाये ना, मास्तर?"

त्याच दुपारी त्यांनी स्वतः मेसेज लिहिला. दुसरं वाजवणं नाही, आमच्या मालाला तडा आहे. मी म्हटलं, भाऊ, दोन दिवस थांबा तरी. ते म्हणाले, नासका माल पेटीत खाली दडवत नसतात.

यादी आली, तेव्हा भाऊ नव्हते. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू होती आणि ते दोन दिवसांच्या तापाने गेले. मी यादी पानापानाने पाहिली. अमरावती कुठेच नाही. मला त्या हॉलंडच्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचाच राग आला. रेकॉर्ड आता माझ्याकडे आहे. तडा वाढेल म्हणून मी ती लावत नाही.

मागच्या महिन्यात भाऊंच्या नातवाचं लग्न झालं. पथक मास्तरांचंच. वरात दारातून निघाली. ज्या ओट्यावर भाऊ बसायचे तिथे मी वहिनींशेजारी उभा होतो. क्लॅरिनेट चढला, पोरं नाचू लागली. वहिनींनी एकाएकी माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

"थांब," त्या म्हणाल्या, "तो येऊन राहिला."

आणि ढोलवाल्याने टक केलं. जरासं मागे रेंगाळून.