सकाळी सहाचा धूर

खालच्या मजल्यावरचे दादा गेले त्याच्या अठराव्या दिवशी, सकाळी सहा वाजता, आमच्या बाथरूममध्ये त्यांच्या सिगारेटचा वास आला.

ती त्यांचीच होती. दादा बिनफिल्टरची ओढायचे आणि तसली ओढणारा सोसायटीत दुसरा कोणी नाही. नेरुळमधली आमची इमारत जुनी, चार मजल्यांची. सगळ्यांच्या बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडक्या मागच्या एकाच डक्टमध्ये उघडतात. दादा दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. अकरा वर्षं त्यांची पहिली सिगारेट सहा वाजता डक्टमधून वर यायची आणि मग मी माझी पेटवायचो. अलार्म लावायची गरज कधी पडली नाही.

मी वेळ लिहून ठेवली. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, त्यामुळे लिहून ठेवणं ही माझी सवयच आहे. स्टोअरमध्ये प्रत्येक रॅकला एक कार्ड लटकवलेलं असतं. माल किती आला, किती गेला, किती उरला, ते त्यावर लिहायचं. आम्ही त्याला बिन कार्ड म्हणतो. दादांनी आणि मी सिगारेट सोडायचं ठरवलं, तेव्हा तसलंच एक कोरं कार्ड मी घरी आणलं. दोन रकाने आखले, एक त्यांचा, एक माझा. मागच्या बाजूला नियम लिहिले. पहिला नियम : घरातली सगळी पाकिटं, लायटर आणि ॲश ट्रे एकमेकांसमोर कचऱ्यात टाकायचे. दुसरा : तल्लफ आली की दहा मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. तिसरा : थंड पाणी घोट घोट प्यायचं. चौथा : ज्या टपरीवर उभे राहतो त्या रस्त्याने जायचं नाही. पाचवा : रोज सकाळी एकमेकांसमोर खूण करायची.

रोज साडेसहाला आम्ही सारसोळ्याच्या जेटीपर्यंत चालायला जायचो. तिथल्या बाकावर बसून कार्ड काढायचं.

"काय ओ स्टोअरकीपर, आणलं का कार्ड?" दादा साताऱ्याकडचे, गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले. आवाज असा, की समोरच्या होडीत जाळं आवरणारा माणूस मान वर करून बघायचा.

"आणलं."

"मग मारा खूण. आन् माझ्या रकान्यात जरा ठळक मारा. माझं दुःख जास्त हाय."

पहिले दहा दिवस मी खरा होतो. झोप उडाली, पोट साफ होईना, कोरडा खोकला वाढला, बायकोशी दुधाच्या पिशवीवरून भांडलो. हे सगळं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी त्याचीही यादी केली होती. अकराव्या दिवशी स्टोअरचं ऑडिट होतं. बेअरिंगची एक पेटी कमी भरली. ती दुपारी दुसऱ्या रॅकवर सापडली, पण तोवर मी गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन एक सुट्टी ओढून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी जेटीवर मी खूण केली. दादांची घडी नीट बसली होती, माझं ऐकून ती विस्कटेल, असं मी स्वतःला समजावलं. बाराव्या दिवशी पुन्हा जेवणानंतर एक. मग रोज एक, कधी दोन. वर बडीशेप, लवंग, लिंबाने हात धुणं. खुणा मात्र रोज होत राहिल्या. कार्ड बरोबर आणि रॅकवर माल कमी, अशी चोरी मी दुसऱ्यांची कितीदा पकडली आहे.

त्रेपन्नाव्या दिवशी सकाळी मी गेटपाशी थांबलो. दहा मिनिटं झाली, दादा आले नाहीत. वर गेलो तर दार उघडं होतं. हार्ट अटॅक आला होता आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी माणसं जमली तेव्हा वहिनी सगळ्यांच्या देखत मला म्हणाल्या, "भावजी, तुमच्यामुळं शेवटचे दिवस तरी सिगारेटीबिगर गेले त्यांचे." कार्ड तेव्हा माझ्या खिशात होतं.

स्मशानातून येऊन आंघोळ केली. त्यानंतर मी एकही ओढली नाही. लाजेने सिगारेट सोडणं ही पद्धत कुठल्या यादीत नसते, पण ती लागू पडते. तिच्या जोडीला मी बाकीची व्यवस्था लावली. निकोटीनच्या च्युइंगमची गोळी चघळायला सुरुवात केली, तीही डॉक्टरांनी सांगितली तशी : दोनदा चावायची आणि गालात दाबून ठेवायची. रबाळे स्टेशनवरून उलट्या बाजूने बाहेर पडू लागलो. जेवणानंतरची वीस मिनिटं नटबोल्ट मोजण्यात घालवू लागलो. सतरा दिवस बरे गेले.

अठराव्या दिवशी तो वास आला.

बायकोला विचारलं. तिला काहीच वास येत नव्हता. पण तिला सायनसचा त्रास आहे, त्यामुळे तिच्या साक्षीचा उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, सिगारेट सुटल्यावर नाक पुन्हा तल्लख होतं, कधी नसलेले वासही येतात, जातील. मी यादीत लिहिलं : 'वासाचा भास. वाट पाहणे.' दुसऱ्या दिवशी सहा वाजून दोन मिनिटांनी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. सात-आठ मिनिटं राहायचा आणि विरून जायचा. त्यानंतरचा तास फार वाईट. बोटं आपोआप खिशाकडे जात. एकदा मी चहा न घेताच जिना उतरून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेलो, तिचं शटर अजून बंद होतं म्हणून वाचलो.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. तिसऱ्या आठवड्यात मी सहाला पाच कमी असताना बाथरूममध्ये जायचो, बादली पालथी घालून तिच्यावर उभा राहायचो आणि काचेच्या पट्ट्यांना नाक लावायचो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बादलीवर. पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटायचं, पण मागे वळून बघायचा धीर व्हायचा नाही. वळलो तर वास निसटेल, ही भीती त्याहून मोठी होती. वास घेणं म्हणजे ओढणं का? माझ्या नियमांत हे नव्हतं.

मग नोंदी चाळताना लक्षात आलं : रविवारी वास येत नाही. तीन आठवडे, तिन्ही रविवार कोरे. मृत माणसाला कसली आली साप्ताहिक सुट्टी? शनिवारी संध्याकाळी दादांची मुलगी आईकडे मुक्कामाला येते आणि रविवारी दुपारी परत जाते, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मी खाली गेलो. वास थांबवा, एवढंच सांगायचं होतं. वहिनींनी चहा ठेवला. भिंतीवर दादांचा फोटो, त्याला ताजा हार.

"वहिनी, सकाळी सहाला…"

"येतो ना वर?" त्या कपात चहा गाळत म्हणाल्या. "मला वाटलंच. खिडकी लावून घेते, तरी पण."

त्या आत गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या. वीसचं. "तेराव्यानंतर साफसफाई काढली, तवा गीझरच्या वर घावलं. सील होतं ओ. फोडलं नव्हतं त्यांनी. मी फोडलं."

म्हणजे पहिला नियम दादांनीही मोडला होता. पण नुसतं ठेवलं होतं.

"तुम्ही ओढता?"

"ओढते कुठं? पेटवून साबणाच्या डबीवर ठेवते, अगरबत्तीगत. घरात ते असल्यासारखं वाटतं. पण ही मेली नुसती काडी लावून पेटत न्हाई. एक झुरका घ्यावाच लागतो." त्यांनी पाकीट उघडलं. "आधी एक घ्यायची. आता तीन-चार होतात."

पाकिटात दोन उरल्या होत्या. त्यांनी ते मिटलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, एक पाकीट आणून द्याल? मी टपरीवर गेले तर सगळ्या नेरुळला कळंल."

टपरी, पुढे केलेला हात, नवीन पाकिटाचं प्लॅस्टिक. सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. मी पाकीट हातात घेऊन जिना चढलो असतो, तर चौथ्या पायरीवर फोडलं असतं.

"मी नाही आणू शकत," मी म्हणालो. "आणि दुसरं एक सांगायचंय. कार्डावरच्या माझ्या खुणा खोट्या आहेत. मी अकराव्या दिवसापासून रोज ओढत होतो."

"ठाऊक हाय."

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. घरी येऊन हसायचे. 'स्टोअरकीपरच्या शर्टाला वास येतो. लवंग खाऊन येतं बिचारं.'"

"मग मला बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं की, विचारा त्यांना. तर म्हणले, गप बस. विचारलं तर तो खरंच सोडंल, मग मला वास कुठनं मिळायचा?"

आम्ही दोघंही हसलो. जेटीवर दादा नेहमी माझ्या डाव्या हाताला चालायचे. खाडीवरचा वारा उजवीकडून यायचा, माझ्या अंगावरून त्यांच्याकडे जायचा. मला वाटायचं, वयाने मोठे असून पाण्याची बाजू मला देतात, केवढा हा मोठेपणा. त्यांचे बावन्न दिवस खरे होते आणि त्यातले बेचाळीस माझ्या लबाडीच्या धुरावर निघाले होते. यात मी त्यांचं भलं केलं की वाईट, हे मला आजही मांडता येत नाही.

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. घड्याळाकडे बघत होत्या. मला ती चुळबुळ ओळखीची होती.

"सकाळी जाग कधी येते?"

"साडेपाचला. मग सहाची वाट बघते."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी बी आठवण होते." त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं. "त्यांची का हिची, ते आता कळत न्हाई."

मी खिशातून कार्ड काढलं, पट्टी मागितली आणि तिसरा रकाना आखला. माझ्या बेचाळीस खुणांभोवती लाल पेनाने गोल केले आणि माझा हिशेब स्मशानाच्या दिवसापासून नव्याने धरला. त्या दोन सिगारेटी आताच फेका, असंही सांगितलं.

"त्या त्यांच्या हायेत," वहिनी म्हणाल्या. "त्या तेवढ्या सरू द्या."

सोमवारी एक संपली. मंगळवारी शेवटची. ती आठ मिनिटं पुरली. मी बादलीवर उभा होतो.

बुधवारी सहाला डक्टमधून नुसती ओलसर हवा आली. वास असताना तल्लफ यायची, पण वास नसताना जी आली ती वेगळीच होती. मी गोळी गालात धरली, घड्याळ लावलं. चार मिनिटं झाली. पाच. तेवढ्यात खालून दबका आवाज आला.

"भावजी, हाय का वर?"

"आहे."

"न्हाई ना ओढली?"

"नाही. तुम्ही?"

"कुठनं ओढणार? तुम्ही आणलीच न्हाई." जरा वेळ नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू आलं. मग, "मारा खूण."

याला आता पाच महिने झाले. रोज सहाला डक्टमध्ये आमची हजेरी होते. चौथ्या मजल्यावरच्यांनी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलं, पहाटे पाइपात कोण बोलतं? मी चहाचे कप गोळा करायला उठलो.

एकच गोष्ट यादीत बसत नाही. पंधरा-वीस दिवसांतून एकदा, सहाच्या सुमाराला, वास येतो. बिनफिल्टरचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी लगेच खिडकीशी वाकून विचारलं, "वहिनी, पेटवली का?"

खालून नळ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हीच."

आता याचे तीनच अर्थ. वहिनी खोटं बोलतात. किंवा डॉक्टर म्हणाले तसा हा नाकाचा भास आहे, आणि तो आम्हा दोघांना एकाच सकाळी होतो. तिसरा मी लिहीत नाही. खोटी खूण कशी करतात ते मला माहीत आहे. वहिनींच्या आवाजात ती मला ऐकू येत नाही. त्यांना माझ्या आवाजात ऐकू येते का, ते मी विचारलेलं नाही.

तसल्या सकाळी आम्ही दोघं आपापल्या खुणा करतो. मग माझं पेन दादांच्या रकान्यावर थांबतं. बावन्नच्या खालची जागा कोरी आहे. तिथे काय लिहायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.