बाबा ज्यांच्याशी बोलायचे, त्या परवीन मॅडम

परवीन मॅडम मेल्या.

'गेल्या' लिहिणार होते. पण कुठे गेल्या? त्या कुठेच जाणार नव्हत्या. आज सकाळी त्यांच्याकडे बाबांचं सेशन होतं.

बाबा आणि मी पिंपळगाव राजाहून नांदुऱ्याला पोचलो. मेडिकलच्या वरच्या खोलीत मॅडम बसायच्या. खाली मेडिकलचं शटर अर्धं ओढलेलं.

मेडिकलवाले भाऊ म्हणाले, "मॅडम नाई राह्यल्या, ताई. सकायी चहा ठेवला, खाली बसल्या, अन् उठल्याच नाई."

मी विचारलं, "कोणत्या मॅडम?"

काय पण प्रश्न! पण तोंडातून तोच निघाला.

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला धडकीच भरली. आई गेल्यापासून माझे बाबा या जगात एकाच माणसाशी मोकळं बोलत होते. ते माणूस आज नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

मागच्या वर्षी आई गेली आणि बाबा गप्प झाले. रडले नाहीत, कोणाशी भांडले नाहीत. शेतात जायचे, भाजी तोडायचे, हो-नाही म्हणायचे. बस.

गावच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. आत्यानं दर्ग्यावर नेलं. अकोल्याचे डॉक्टर चांगले होते म्हणतात, पण फी आणि गाडीभाडं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि जायचं दर आठवड्याला.

मग मोबाईलवर एक कौन्सेलर मिळाली. फार गोड बोलायची, अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश. बाबांनी फोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या हातात दिला.

"तुहाच फोन हाय."

शेवटी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आमच्या आशाताईंनी परवीन मॅडमचा नंबर दिला. त्याही कौन्सेलरच, पण नांदुऱ्यातल्या. मी आधी फीच विचारली. लाज वाटली, पण विचारली.

"जमतील तेवढे द्या. नाही जमले तर भाजी आणा," त्या म्हणाल्या. "आणि येताना घरच्यांना घेऊन या."

झालं!

आमच्याकडे 'घरच्यांना घेऊन या' म्हणजे बैठक. सोयरीक मोडायची असो की वावराची वाटणी, बैठक म्हटलं की सगळे येतात. आत्या, काका, काकू, मामा, सगळे गाडी करून निघाले. मामा तर कडक इस्त्रीच्या शर्टात, निकाल द्यायच्या तयारीत.

मॅडमनी ती वरात बघितली, पण हसल्या नाहीत. सतरंजी अंथरली आणि म्हणाल्या, "एकच नियम. ज्याला विचारलं त्यानंच बोलायचं. दुसऱ्याचं उत्तर जो देईल तो बाहेर."

बाबांना विचारलं, "झोप लागते का?"

आत्या म्हणाली, "कायची लागते व माय! टकटक पाह्यत बसते."

"आत्या, तुम्ही बाहेर."

"जेवण जातं का?"

"अर्धीच भाकर खाते तो," मामा.

"मामा, बाहेर."

काका गेले. काका काऊन गेले हे विचारायच्या नादात काकू गेल्या. शेवटी मी उरले. मला वाटलं, चला, आपण तरी शहाणे.

"घरात कोणाशी बोलावंसं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "माझ्याशी बोलतात ना कधी कधी..."

"ताई, तुम्ही पण बाहेर."

अख्खं खानदान जिन्यावर बसलेलं. औषध घ्यायला आलेले लोक विचारत होते, कोण सीरियस आहे म्हणून.

बऱ्याच वेळानं बाबा खाली आले. डोळे लाल. म्हणाले, "भूक लागली."

स्टँडवर त्यांनी पोटभर भजी खाल्ली. आत्या बाजूला उभी राहून रडत होती.

त्यानंतर दर शनिवारी. आत काय बोलतात ते मला कधी कळलं नाही. एकदा मॅडमना विचारून बघितलं. म्हणाल्या, "त्यांची गोष्ट आहे, तेच सांगतील."

पण घरी मात्र तेच हो-नाही. खरं सांगते, मी मॅडमवर जळायचे. परक्या बाईसमोर माणूस तासभर बोलतो आणि पोटच्या पोरीशी एक शब्द नाही.

आणि आज ते पायरीवर बसलेले. मी बाजूला बसले. माझ्या डोक्यात एकच. संपलं. आता हा माणूस कायमचा गप्प होणार.

बाबा म्हणाले, "मॅडमनं सांगतलं होतं मले, पोरीले विचार म्हणून. मीच आज-उद्या करून राह्यलो होतो."

"काय विचारायचं होतं, बाबा?"

"मले तुह्या मायचा आवाज आठवत नाई."

मी त्यांच्याकडे वळले.

"चेहरा दिसते. हात दिसते. तोंड हालते, पण आवाज येत नाई. एवढी वर्सं संसार केला अन् मी आवाजच इसरलो. कोन्या तोंडानं सांगू तुले?"

आईचा फोन साधा बटनांचा. तिचं एकही रेकॉर्डिंग नाही. हा माणूस वर्षभर तो आवाज शोधत बसला होता आणि आम्ही त्याला ताकदीच्या गोळ्या देत होतो!

"तुले आठवते काय व?" बाबांनी विचारलं. "कशी बोले ती?"

मला आठवत होतं. जरा घोगरा आवाज, शेवटचा शब्द ओढायची सवय. भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी माझ्या आईसारखी बोलले.

"आवो, हात धुतले काय? बसा ना मंग, भाकर थंडी होऊन राह्यलीऽऽ!"

बाबांनी डोळे मिटले.

"अजून एक डाव म्हण."

मी म्हटलं.

मग ते रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, माझ्यासमोर.

परवीन मॅडम, बाबांनी मला विचारलं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

अल्लाह तुम्हाला जन्नत देवो. बाबांचा आणि माझा शेवटचा सलाम.