मेहबूबभाई आणि माझा डावा पाय

मी ऑटोमॅटिक गाडी वर्षभर दोन्ही पायांनी चालवली, आणि ती गचके देते म्हणून नांदेडच्या एका चांगल्या मिस्त्रीला बदनाम केलं. मी लातुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. घर्षण या प्रकरणावर माझी हुकमत आहे, असं माझ्या क्लासच्या फ्लेक्सवर छापलेलं असतं. मजकूर मीच दिला होता.

गाडी कुणाची तरी वापरलेली, पण स्पोर्ट्स कार. लाल, दोन दारांची, जमिनीला इतकी लागून की उतरताना आधी हात बाहेर काढायचा, मग डोकं, आणि मग उरलेला मी. मोकळ्या रस्त्यावर सुसाट जायची. पण गर्दीत, माणूस चालतो त्या वेगात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आली की गचके द्यायची. क्लास सुटल्यावर फाटकाशी दोनशे पोरं उभी असायची आणि त्यांच्यादेखत मी बेडकासारखा उड्या मारत बाहेर पडायचो.

सासुरवाडी नांदेडची. मेव्हण्यानं मेहबूबभाईंकडे नेलं. लातूर रोडला पेट्रोल पंपाच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. पंचावन्नच्या पुढचे, पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट. गाडीला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे, नंतर तर सगळेच धुतात. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, "चालवा सर. पळवू नका, फक्त चालवा." आणि बाजारात बैल घेणारा माणूस बैलाला चालवून बघतो तसे हात पाठीमागे बांधून गाडीच्या मागोमाग चालत राहिले. मग शेजारी येऊन बसले. रस्त्याकडे बघेनात, माझ्या पायांकडे बघत बसले.

"गाडीला काय बी झालं न्हाई सर," ते म्हणाले. "तुमच्या डाव्या पायाला काम न्हाई, म्हणून तो ब्रेकवर जाऊन बसून राहिला. मागून लाल लाइट सारखे लागून राहिले."

वीस वर्षं मी क्लचची गाडी चालवलेली. डावा पाय मोकळा राहिला की बेचैन व्हायचा. ते कबूल करायचं सोडून मी म्हणालो, "मेहबूबभाई, मी फिजिक्स शिकवतो."

"शिकवा की सर. पण तो पाय उचलून." मग त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले. "हिच्यात क्लच हाय, नुस्तं पेडल न्हाई. गाडी सोताच धरते, सोताच सोडते. तुम्ही ब्रेकला पाय टेकवला की तिला वाटते थांबायचंय, ती सोडते. तेवढ्यात उजव्या पायानं रेस दिली की परत धरते. धर-सोड, धर-सोड. बिचारी गचके देईल न्हाई तर काय करील?"

मशीन खोलायच्या आधी मालक बघावा, असं ते नेहमी म्हणत. तीस वर्षं त्यांनी ट्रक आणि जीप दुरुस्त केल्या होत्या. ऑटोमॅटिक गाड्या दिसू लागल्या तेव्हा पन्नाशीत हैदराबादला जाऊन सहा महिने एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून बसले. त्या वेळची वही त्यांनी मला दाखवली. गिअरबॉक्सच्या आकृत्या आणि बाजूला बारीक उर्दू अक्षर. परत आल्यावर ट्रकचं काम बंद केलं. "क्लचचं पेडल चाललं आता सर," म्हणाले. "आपण त्याच्यासंगं जाऊ नये म्हणून शिकलो. तुमच्यासारखे चार लोक आले तर दुकान चालते."

मी हट्ट धरला म्हणून त्यांनी गिअरबॉक्सचं तेल बदलून दिलं. "गरज न्हाई, तुमच्या समाधानासाठी करतो," असं म्हणूनच दिलं. पुढचे दोन दिवस मी डावा पाय सीटखाली दुमडून ठेवला आणि गाडी सायीसारखी चालली. तिसऱ्या दिवशी विसरलो. गचके सुरू. मी निष्कर्ष काढला, तेलात घोटाळा आहे.

लातूर-नांदेडच्या ऑटोमॅटिक गाडीवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. निम्मे डॉक्टर, निम्मे क्लासवाले. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता मी त्यावर लिहिलं, 'नांदेडच्या मेहबूबने गिअरबॉक्सची वाट लावली. ऑटोमॅटिक गाडी त्याच्या हातात देऊ नका.' नावातलं 'भाई' मुद्दाम गाळलं. एका दातांच्या डॉक्टरांनी लगेच उत्तर दिलं, 'सर सांगतात म्हणजे प्रश्नच नाही.' मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मेहबूबभाईंचा एकदाच फोन आला. "सर, तुम्ही ग्रुपात लिवलं म्हणे. एकदा गाडी घेऊन या, माझ्या समोर चालवा. माझी चूक निघाली तर मीच लिवून देतो." मी म्हणालो, परीक्षा तोंडावर आहेत, वेळ नाही.

शेवटी गाडी हैदराबादच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या इंजिनिअरनं लॅपटॉप जोडून माझ्यासमोर आलेख धरला. एक रेघ ब्रेकची, एक ॲक्सिलरेटरची, दोन्ही एकाच वेळी वर. पोरांना आलेख वाचायला मीच शिकवतो, त्यामुळे समजलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. त्यानं अदबीनं विचारलं, "सर, ये गाड़ी दो लोग मिलके चलाते क्या?"

परतीच्या वाटेवर उदगीरला थांबून मी मेहबूबभाईंना फोन केला. हसत हसत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "मला म्हाईत होतं सर. मला नका सांगू. जिथं लिवलं तिथं लिवा."

मी म्हणालो, आजच लिहितो. लिहिलं आणि पुसलं. ग्रुपमध्ये पालक होते, समोरचे क्लासवाले होते. आपला डावा पाय कुठे असतो हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं घर्षणाच्या मास्तरनं कसं लिहायचं? मग परीक्षा आल्या, निकाल आले, नवे प्रवेश आले. सात महिने गेले.

एका शुक्रवारी मनाचा हिय्या करून लांबलचक मजकूर लिहिला. माझी चूक, त्यांचं कसब, सगळं. पाठवला, पेढे घेतले आणि नांदेड गाठलं. शुक्रवारी गॅरेज बंद असतं म्हणून थेट घरी गेलो. मेहबूबभाई नुकतेच नमाज पढून आले होते. चष्मा लावून त्यांनी माझ्या मोबाइलवर सगळं वाचलं, सावकाश, खालपर्यंत.

"चांगलं लिवलंय सर. गाडी आता कशी हाय?"

"मस्त."

"बरं झालं." त्यांनी भिंतीच्या खिळ्यावरची किल्ली काढली. "शाळा सुटायची वेळ झाली. पोरांना घरी सोडायचं हाय. तुम्ही चहा घेऊन जा."

दारातली पिवळी स्कूल व्हॅन त्यांनी सुरू केली, क्लच दाबून गिअर टाकला आणि गेले. येताना ती व्हॅन मी बघितली होती. शेजाऱ्यांची असेल असं वाटलं होतं.

भाभींनी चहा ठेवला. माझा मोबाइल तिथंच पडला होता. तो उचलून त्यांनी मजकुराची शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, 'सर्वांनी आपली गाडी डोळे झाकून मेहबूबभाईंच्या गॅरेजमध्ये न्यावी, लातूर रोड, पेट्रोल पंपाच्या मागे.'

मोबाइल माझ्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, "तिथं गुढीपाडव्यापासून फरशीचं दुकान हाय, सर. लिवायच्या आधी एकदा बघून तरी यायचं."