टाळ्या थांबल्या की चाक थांबणार

कल्पना करा, तुम्ही इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत उभे आहात. वीज तुम्हीच बंद केलीय. हातात लोखंडी चाक, आणि खाली चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये एक माणूस अडकलाय. जोडीदारानं ब्रेकचा दांडा उचलायचा, तुम्ही चाक फिरवायचं, की लिफ्ट इंचाइंचानं वर सरकते. पण आतल्या माणसाची बोटं दाराच्या फटीत असली तर? तुम्हाला तो दिसतच नाही!

इमारतीची लिफ्ट सांभाळणाऱ्या लिफ्टताईला हे काम पाठ होतं. जोडीदार म्हणजे तिचा नवराच. पण त्या दुपारी आत होते गणिताचे निवृत्त मास्तर. सह्या गोळा करून तिच्या ख्रिस्ती मंडळीची तळमजल्यावरची रविवारची प्रार्थना बंद पाडायला निघालेले! ‘पहाटेपासून गाणी-टाळ्यांचा गोंगाट, शिवाय लोकांना फूस लावतात,’ असं अर्जात लिहिलेलं.

“लटकू दे तासभर,” नवरा म्हणाला. “तेवढीच शांतता मिळेल त्यांना.”

“दांडा धर गपचूप!” तिनं इंटरकॉम उचलला. “मास्तर, घाबरू नका, मी आलेय.”

“तू? संपलंच मग! मी छत्री घालून दार फाकवतोय.”

ती ओरडली, “हात काढा! दोन्ही हातांनी टाळ्या वाजवा. त्या ऐकू आल्या तरच मी चाक फिरवणार.”

“टाळ्या? मी? आणि तू मला खाली सोडलंस तर?”

प्रभू, शब्द दे, ती मनात म्हणाली. “मास्तर, तुमचं म्हणणं मला पटत नाही. अर्जातलं ते फूस लावण्याचं वाक्य अजून टोचतं. पण माझा प्रभू तुमच्यासाठीही मेला, असं मी मानते. तुमच्या केसालाही धक्का लागू देणार नाही.”

इंटरकॉमवर छत्री टाकल्याचा आवाज आला. मग टप... टप...

“जोरात! आपण वर जाणार आहोत.”

“इतक्यात?” मास्तर म्हणाले आणि नवरा फिस्सकन हसला.

चाक फिरलं. अर्ध्यात टाळ्या थांबल्या, तिचे हातही थांबले.

“ऐक,” मास्तर धापा टाकत म्हणाले, “आमच्या हिचे गुडघे रात्रभर ठणकतात. पहाटे कुठे डोळा लागतो. तेवढ्यात तुमची गाणी!”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“विचारलं कुणी?”

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. तिनंही नाही. “चुकलंच आमचं. आता वाजवा, मास्तर!”

लिफ्ट मजल्याला लागल्याची दोरावरची पिवळी खूण चौकटीशी आली तशी ती दोन-दोन पायऱ्या उतरत पाचव्यावर धावली. दार उघडलं. मास्तर घामानं निथळत होते, तळवे लालबुंद.

“माझं मत तेच आहे हं,” ते म्हणाले.

“माझंही. आधी पाणी प्या. मग वाद घालू, आणि पहाटेच्या गाण्यांचंही बोलू.”

गच्चीकडे परत जाताना तिचं काळीज आनंदानं धडधडत होतं. पण वरच्या पायरीवर ती थबकली. चाक मास्तरांच्या हातात असतं आणि लिफ्टमध्ये मी, तर मी काढले असते का दारावरचे हात?