तळचा गाळ

बाबांनी शेठवर केस जिंकली, असं त्या वर्षी गावभर झालं. जिंकली कसली, कपाळ! कोर्टाबाहेर तडजोड झाली होती. पण लोकांना जिंकली म्हणायला आवडायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडायचं.

गास गावाच्या बाजूला आमची केळीची वाडी होती. वाडीला लागून बावखल, म्हणजे गावाचं गोड्या पाण्याचं मोठं तळं. आजूबाजूच्या साऱ्या वाड्यांना पाणी त्याचंच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कधीतरी एका शेठनं त्याच्या वरच्या अंगाला पत्र्याची शेड ठोकली आणि सायकलीच्या हँडलांना चकचकीत मुलामा द्यायचा कारखाना काढला. पहिल्यांदा आम्हाला मेलं कौतुकच वाटलं. मग पाणी पिवळं दिसायला लागलं, मासे उलटे तरंगायला लागले, गुरं पाण्याला तोंड लावेनात.

बाबांचा सगळा जीव त्या वाडीत. आमची राजेळी केळी अशी पिकायची की आई ती उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करायची आणि पाहुणे ती भांडून न्यायचे. बाबा म्हणायचे, "ही वाडी गेली तर मी करू काय? चर्चगेटला जाऊन फायली उचलू?" म्हणून ते कोर्टात गेले. सही करायला चार शेजारी होते, तारखांना मात्र बाबा एकटेच. मी तेव्हा नुकती शाळेत शिकवायला लागले होते. सुट्टी असली की कागद वाचून दाखवायला सोबत जायचे. किती वर्षं ते खेटे घातले, विचारू नका.

शेवटी शेठच कंटाळला. वालीवच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्याला नवीन जागा मिळत होती. कारखाना तिकडे हलवतो, बावखल उपसून तळापासून साफ करून देतो, केस मागे घ्या, असा त्याचा निरोप आला. आम्हाला आणखी काय हवं होतं?

वकिलांच्या खोलीत सगळे बसलो. वकील ठाण्याचे, भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, "गाळ काढल्यावर टाकायचा कुठे? ते लिहायला हवं." शेठचा मॅनेजर म्हणाला, "आमच्या ट्रकनं लांब नेऊन टाकू."

झालं! आमची माणसं एकदम ताठ बसली.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. दर उन्हाळ्यात बावखलाचं पाणी आटलं की तळचा गाळ काढायचा आणि घराघराला वाटून वाडीत घालायचा, ही आमच्याकडची जुनी रीत, केसच्या वर्षांत तेवढी थांबलेली. केळीला त्याच्यासारखं खत नाही. एकवेळ जमिनीचा बांध सरकला तर चालेल, पण गाळाच्या वाट्यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद व्हायचे. आमच्या शेजारचे म्हातारे काका तर उभेच राहिले. "आमचा गाळ तुम्ही कोण नेणार? काठावर टाका, पुढचं आम्ही बघतो." बाबांनीही मान हलवली. "गाळ सोडायचा नाही, वकीलसाहेब. तसं लिहा."

मॅनेजर बाहेर जाऊन शेठशी बोलून आला आणि म्हणाला, "ठीक आहे, गाळ तुमचा." एका शब्दानं घासाघीस केली नाही त्यानं. आम्हाला वाटलं, काय दिलदार माणूस! पाणी नासलंय हे सगळ्यांना दिसत होतं हो. पण गाळ नेहमीसारखाच काळाभोर होता. त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, वकिलांच्याही नाही.

मे महिन्यात पंप लावून बावखल उपसलं. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातच काकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं, "यंदा वरचा गाळ सगळ्यांनी वाटून घ्यायचा. तळचा, सगळ्यात जुना, तो ह्याचा. ह्यानं आपलं पाणी सोडवलं." कुणीही हूं की चूं केलं नाही. उलट बायाबापड्यांनी स्वतः पाट्या भरल्या आणि आमच्या वाडीत आणून रिकाम्या केल्या. काकांचे खांदे सोलून निघाले, तरी ऐकेनात. बाबा हात जोडून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. आईनं सगळ्यांना जेवायला घातलं.

पावसाळ्यात राजेळीच्या पानांच्या कडा करपल्या. सप्टेंबरात मारियामातेचा सण आला तोवर निम्मी वाडी आडवी झाली होती. इतरांच्या केळी जराशा पिवळ्या पडून सावरल्या, त्यांच्या वाट्याला वरचा गाळ, तोही थोडा थोडा. बाबांनी एक खुंट उकरला. मुळं काळी पडून कुजली होती. कारखान्याचं विष पाण्यातून खाली बसत बसत त्या तळच्या गाळात साठलं होतं.

वकिलांकडे गेलो. त्यांनाही मनापासून वाईट वाटलं. पण गाळ आपण मागून घेतला, शेठनं बाकी सगळं शब्दाप्रमाणे केलं, आता तक्रार कशाची करायची? मला आजही त्या शेठची चीड येते. आणि चीड येऊन उपयोग काय, हेही कळतं.

आई घरी कडाडली, "गावाला सांगा ना मग! त्यांनीच आणून ओतलं!"

"म्हणूनच सांगायचं नाही," बाबा म्हणाले. "प्रेमानं आणलं त्यांनी. त्या म्हाताऱ्याला कळलं तर तो अन्न सोडेल."

लोकांना त्यांनी सांगितलं, केळीवर रोग पडला. उरलेला गाळ कुणी मागू नये म्हणून खड्डा खणून पुरून टाकला. मी भांडले, रडले. ऐकतील तर ते बाबा कसले! तीन वर्षं जे जे लावलं ते ते मेलं. मग त्यांनी वाडी विकायला काढली. घेणाऱ्या बिल्डरला मात्र सगळं खरं सांगितलं. तो हसला. "अहो, आम्हाला कुठे केळी लावायचीत?"

आमच्या आळीत बिल्डरला गेलेली ती पहिली वाडी. बावखलाचं पाणी तोवर नितळ झालं होतं, गुरं पुन्हा पाण्यावर येत होती.

सौदा कळला तसे शेजारचे काका आमच्या ओट्यापर्यंत आले. वर चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "ह्याच्यासाठी वाहिल्या का रे आम्ही पाट्या?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. मग ते काकांना म्हणाले, "चुकलं माझं, काका."