घरची बाटली, पंपाचा पेच आणि गोव्याची बोट

शिंदखेडा

प्रिय भाऊ,

रामराम. अक्कांच्या डोळ्याची पट्टी सुटली का? सुटली असेल तर लगेच निवडण-टिपण घेऊन बसू देऊ नका. वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कळ येते म्हणाल्या होत्या, ती गेली का? प्रकाशला डाळ मिलच्या धुळीनं खोकला होतो, तो कमी आहे ना? त्याच्या छोटीला पुढचे दात आले का? आणि तुमची स्वतःची कंबर? तीस वर्षांपूर्वी आपण एकाच दुकानात शेतकऱ्यांचे पंप उघडत होतो, तेव्हापासून तुम्ही कंबरेचं कधी खरं सांगत नाही, म्हणून वहिनींनाच विचारून लिहा.

आमच्या घरची खुशाली शेवटी लिहितो. त्याला कारण आहे.

तुमच्या गल्लीतली चार घरं दिवाळीनंतर बोटीनं गोव्याला निघणार आणि तुम्हाला सगळी माहिती हवी आहे, असं तुमचं कार्ड आलं. आम्ही दोघं नुकतेच जाऊन आलो. सविस्तर लिहितो. वाचून झालं की पत्र नरडाण्याला धाडा, तिथल्यांनाही जायचं आहे.

आधी जायचं कसं ठरलं ते. आमच्या पोरीचं, कमलचं, तुम्हाला ठाऊक आहे. जळगावला नर्स असताना तिनं गोव्याच्या फ्रान्सिसशी कोर्टात लग्न केलं, मला न विचारता. त्या दिवशी ओट्यावर दहा माणसांदेखत मी बोलून गेलो, की तिच्या घरच्या पाण्याला मी शिवणार नाही. त्यानंतर चार वर्षं मी तिचं नाव घेतलं नाही. घरातही नाही, पत्रातही नाही. तुमच्याकडे आलेली माझी जुनी पत्रं काढून पाहा.

पावसाळ्यानंतर तिच्या सासऱ्यांचं पत्र आलं. कमलला मुलगी झाली होती. सासरे डोळे दाखवायला मुंबईला येणार होते. परतताना तुम्ही दोघं माझ्याबरोबर बोटीनं चला, बाळ बघा, एवढंच लिहिलं होतं. मी पत्र घडी करून कोनाड्यात ठेवलं. आठ दिवस ते तिथंच होतं. नवव्या दिवशी आमची ही, तुमच्या घरी सगळे काकू म्हणतात ती, पिठाचे हात न धुताच समोर उभी राहिली.

"त्यासना घरनं पानी पेवाव नही म्हनतस ना? मंग तुमनं पानी तुमीच लई चला. मी ते जास शे."

म्हणजे ती जाणारच होती, मी आलो तर माझं पाणी मी उचलायचं. फिरकीचा मोठा तांब्या घेतला. आणि एक बाटली. दरवर्षी मी मनुका, गूळ आणि सातपुड्यातून आलेली धायटीची फुलं बरणीत घालून द्राक्षासव करतो, ते तुम्ही चाखलं आहे. प्रवासात पोट बिघडलं तर असावं म्हणून. एसटीच्या धक्क्यांनी बूच उडेल या भीतीनं ते ठोकून पार आत बसवलं आणि वर लाख ओतली. मग काढायचं कशानं? हत्यारांच्या पेटीतला ग्लँडची दोरी काढायचा पेच घेतला, तारेला डुकराच्या शेपटीसारखे वेढे दिलेला. पंपाच्या दांड्याभोवतीची कुजलेली दोरी त्यानं निघते, तर बूच का नाही निघणार?

आता वाटेचं. धुळ्याहून सकाळची एसटी धरा. खिडकी उजवीकडची घ्या, डावीकडे दिवसभर ऊन येतं. जेवायला थांबते तिथं महाग आणि तेलकट मिळतं. आम्ही दशम्या, शेंगांची चटणी आणि कांदा नेला होता. मुंबईत रात्र ओळखीच्यांकडे काढली.

बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटते. तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवा. खालचा डेक स्वस्त आहे, पण तिथं इंजिनाचा वास आणि घरघर. थोडे जास्त पडले तरी वरचाच घ्या. चढल्याबरोबर चादर पसरा, चादर ज्याची जागा त्याची. पातळ सतरंजी आणि टोपी विसरू नका. सामान चढताना कुणी उघडून पाहिलं नाही, येताना मात्र गोव्याकडच्या पिशव्या उघडतात म्हणे. उपाहारगृहात चहा, आम्लेट, भात आणि माशाची आमटी मिळते. माळकऱ्यांनी आपलं आपण न्यावं.

धक्क्यावर व्याही भेटले. जुझेबाब म्हणतात त्यांना. वाळकी अंगकाठी, पांढरी टोपी, एका डोळ्याला हिरवी पट्टी. मराठी चांगलं बोलतात, जहाजावर रत्नागिरीच्या खलाशांत तीस वर्षं काढली म्हणून. त्यांनी आल्या आल्या आमच्यासाठी दोन कप चहा आणला. मी म्हटलं, मी माझंच पितो. त्यांनी हसून दोन्ही कप स्वतः प्यायले. मुलीचा बाप मुलीच्या सासरचं घेत नाही अशी रीत असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांना खरं ठाऊक होतं की नाही, ते मी पुढेही विचारलं नाही.

मुंबई मागं पडली. डावीकडे किनाऱ्याची निळसर रेघ चालत होती आणि उजवीकडे काहीच नव्हतं. इतकं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि माझ्या तांब्यातलं दुपारीच संपलं. नळावर भरून घ्यावं तर तुमची काकू उलट्यांनी बेजार, मला तिला सोडवेना, आणि जुझेबाबांना पाठवावं तर ते त्यांच्याच हातचं पाणी झालं असतं. बंदरापाशी पडाव आले, माणसं बोचकी घेऊन त्यांत उतरली, बोट पुन्हा निघाली, आणि तिचं डोकं माझ्या मांडीवरून हलेना. तेव्हा मी पिशवीतून बाटली काढली.

लाख खरवडली. पेच लावला, दोन वेढे दिले आणि ओढला. बूच अर्ध्यात तुटलं. अर्धं पेचाला, अर्धं आत.

जुझेबाब इतका वेळ दुसरीकडे बघत होते. आता त्यांनी माझ्या हातातलं हत्यार पाहिलं आणि जवळ सरकले.

"हो तुमकां खंय मेळ्ळो?"

कुठं मिळाला म्हणून विचारत होते. मी म्हटलं, मिळाला नाही, केला. विहिरीवरचे पंप उघडतो मी, ग्लँडची दोरी काढायला. त्यांनी पेच उलटसुलट केला, वेढ्यांवरून अंगठा फिरवला. ते तेलाच्या जहाजावर पंपमन होते, भाऊ. तीस वर्षं हेच हत्यार वागवलेला माणूस. गोव्यात राहायचं, पर्शियाच्या आखातात पंपांची दोरी काढायची. मी शिंदखेड्यात काढत होतो.

"तुम्ही ओढलं," ते म्हणाले.

"ओढलं खरं."

"आधी फिरवायचं ना, नाना. तळापर्यंत जाऊ द्यायचं. मग ते आपसूक वर येतं."

हे मी आजवर किती पोरांना शिकवलं असेल, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी बाटली दोन गुडघ्यांत धरली आणि एका डोळ्यानं बघत माझ्याच पेचानं, इतक्या सावकाश की मला धीर धरवेना, उरलेलं अर्धं बूच काढलं. चुरासुद्धा आत पडला नाही.

तुमच्या काकूला दोन घोट दिले. थोड्या वेळानं ती उठून बसली. मग स्टीलच्या पेल्यात जुझेबाबांना दिलं. त्यांनी वास घेतला, जिभेच्या टोकाला लावलं आणि माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं.

"औषध म्हणता? ही वाईन आहे, नाना. चांगली वाईन."

"गावात सांगू नका," तुमची काकू म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदा हसली.

मी माझा पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्यात नुसतं पीत नाहीत. कुणाच्या तरी तब्येतीला पितात, त्याचं नाव घेऊन. बाटली ज्याची त्यानं नाव घ्यायचं. मी म्हटलं, तुमच्या तब्येतीला.

"मी इथं बसलोय, माझी तब्येत दिसतेय. जे माणूस इथं नाही त्याचं घ्या."

सूर्य पाण्याला टेकला होता. आजूबाजूच्या सतरंज्यांवर लोक डबे उघडत होते. तुमच्या काकूनं पेला दोन्ही हातांत धरला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. जुझेबाबांनी घाई केली नाही. दुपारपासून मला घोटभर पाणी मिळालं नव्हतं, आणि पेला हातात असून पिता येत नव्हता.

"कमल," मी म्हटलं.

"कमल," ते म्हणाले, आणि प्यायले. तुमच्या काकूनंही नाव घेतलं आणि पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला उतरलो. धक्क्यावर ती उभी होती, अंगानं भरलेली, कडेवर बाळ. पाया पडली. मी बाळाचा पाय हातात धरला. घरी गेल्यावर तिनं माझ्यासमोर नवी कोरी कळशी आणि पेला ठेवला.

"नाना, हे शेजारच्या काकूंकडून आणलंय. आमच्या घरचं नाही. तुम्ही प्या."

म्हणजे तिचं नाव घेऊन माझा शब्द मी बोटीवर अर्धा मोडून आलो होतो, आणि ही पोर तो माझ्यासाठी पहाटेपासून सांभाळत होती. मी कळशी बाजूला सरकवली.

"ते राहू दे. तुझ्या माठातलं दे."

तिनं दिलं. मी दोन पेले प्यायलो, तिसरा मागितला. पाणी थोडं मचूळ आहे तिकडचं.

गोव्यात काय पाहिलं ते विचाराल. देवळं पाहिली, चर्च पाहिलं, समुद्रावर पाय ओले केले. आठवतं ते एवढंच, की चार दिवस मी आणि जुझेबाब त्यांच्या विहिरीचा पंप उघडून बसलो होतो. निघताना पेच त्यांना दिला. मला दुसरा करता येईल.

परतून आलो तेव्हा ओट्यावरच्या एकानं विचारलंच, मग, पाणी प्यायलास का? प्यायलो म्हटलं. तो थोडा हसला, मग आपल्या कामाला लागला. चार वर्षं मी ज्याला घाबरत होतो ते एवढंच होतं.

कोनाड्यात आता बुचाचे दोन तुकडे आहेत. तुमची काकू झाडताना उचलते आणि परत ठेवते.

बोटीची बाकी माहिती लागली तर विचारा. बाटली न्याल तर बूच बाहेर राहील असं बसवा.

आता आमच्याकडची खुशाली. कमल बरी आहे. तिच्या बाळाचं वजन वाढतं आहे. फ्रान्सिस बरा आहे. जुझेबाबांची पट्टी सुटली. तुमची काकू ठीक, मी ठीक. पत्र लवकर लिहा, भाऊ, आणि माझ्यासारखं कुणाचं नाव गाळू नका.

तुमचा,
नाना