भर दुपारचे दिवे

आमच्या मेस्त्रीमामाला राग येत नसे. राग त्याच्याकडे कायमचा राहायलाच आलेला असे. बाजारातल्या एका मासेवालीने कधीकाळी त्याला शिळे बांगडे दिले होते. तेव्हापासून रोज सकाळी तो तिच्याच पाटीसमोर उकिडवा बसायचा, एकेका बांगड्याचे डोळे न्याहाळायचा, मान हलवायचा आणि शेजारच्या पाटीवरून मासे घ्यायचा. "सोड रे आता," असं कुणी म्हटलं की गरीब चेहरा करून सांगायचा, "विसरूक माका येणां नाय. माझो काय दोष?"

मामा आगबोटीच्या इंजिनखोलीत काम शिकून आलेला. मालवणात त्याने माडाच्या झापांच्या छपराखाली गॅरेज थाटलं. बिघडलेल्या इंजिनाशी तो लाडाने बोलायचा, गिऱ्हाइकाशी तुटक. माझ्या आईवर, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीवर, त्याचा फार जीव. सगळा गाव तिला आक्का म्हणे.

त्या आक्काला एका तिन्हीसांजेला चढणीच्या वळणावर गाडीने उडवलं. ती लाकडांची मोळी घेऊन येत होती. गाडी थांबली नाही. त्या वाटेला गाडी होती ती एकट्या बंदरावरच्या शेटची, जुनी, इंग्रजी बनावटीची. आणि बॅटरी उतरू नये म्हणून काळोख पडला तरी शेट दिवे लावत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पंचांसमोर तो एरवीची मालवणी सोडून कचेरीतल्या मराठीत म्हणाला, "माझी गाडी त्या वाटेवर नव्हतीच." दिवे कुणाला दिसले नव्हते, म्हणून गाडीही कुणाला दिसली नव्हती. आईचा पाय वाकडा जुळला. त्या पायापेक्षा तिला ते 'नव्हतीच' जास्त सलत राहिलं.

पुढे त्या गाडीचं इंजिन कामातून गेलं. शेटने जीपचं इंजिन आणवलं, आणि ते बसवू शकणारा आसपास मामाच. मामा हो म्हणाला हे कळताच आई चूल तशीच सोडून लंगडत गॅरेजवर गेली.

"तू त्येची गाडी करतलंस?"

"करतलंय गो. बरी करतलंय."

इंजिन बसलं, पण त्याचा पेट्रोलपंप चासीला घासत होता. मामाने तो काढला, मागे टाकीपाशी विजेवर चालणारा पंप लावला आणि वायरी नव्याने ओढल्या. किल्लीतून इंजिनाकडे आणि पंपाकडे जाणारी वीज त्याने आधी पुढच्या दिव्यांच्या बटणातून फिरवली. दिवे लागले तरच ठिणगी पडणार, तरच पंप टकटकणार. दिवे मालवले की गाडी जागच्या जागी गप्प.

"दिवसाढवळ्या दिवे कित्याक, मेस्त्री?" शेटने विचारलं.

"गाडी आंधळी आसा, शेटनू. दिवे नसले तर तिका माणसां दिसनत नाय."

शेटचा चेहरा पडला. मला आनंद झाला. आजही होतो, लपवत नाही.

शेट गाडी घेऊन कणकवलीला गेला. तिथल्या मेस्त्रीने बॉनेट उघडलं, वायरी पाहिल्या, मामाचा हात ओळखला आणि बॉनेट पुन्हा लावून टाकलं. आक्काची हकीकत त्याच्या कानावर होतीच. "आक्का सांगतली तेव्हा बघूया," एवढंच म्हणाला. बांद्याच्या मेस्त्रीनेही हात लावला नाही. मग टळटळीत उन्हात शेटची गाडी दिवे लावून बाजारातून जाऊ लागली. पोरं "शेटची वरात इली!" म्हणून मागे धावत. आई वळणावर उभी राहून बघायची. पाय मोडल्यानंतर तिला मनापासून हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मामा काविळीने गेला. शेवटच्या दिवसांत शेट उंबऱ्यापर्यंत आला होता. मामा पडल्यापडल्या म्हणाला, "वायरीचा काम सोप्पा आसा. त्या सांजेक गाडी खंय होती, तां आक्काक सांगा." शेट उंबऱ्यावरूनच परतला. तेव्हा मामा आईला म्हणाला, "माझ्यामागसून दिव्यांचा तू ठरव."

मामाचं दिवसकार्य उरकलं आणि शेट आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला. चांगलाच थकला होता. यावेळी तो मालवणीत बोलला. "गाडी माझीच होती गो, आक्का. आता कणकवलेच्या मेस्त्रीक एक शब्द सांग."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, विरघळली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "सांगलंस, बरां केलंस. पण विसरूक माकाय येणां नाय. दिवे रवांदेत."

शेट गाडीत जाऊन बसला. भर उन्हात दिवे लागले. इंजिन सुरू होण्याआधी मागे मामाचा पंप टकटकू लागला, आणि आई तो ऐकत खळ्यात उभी राहिली.